आधी ओळख, मग कॅमेरा

१९४२ साली गॉर्डन पार्क्स शिष्यवृत्ती मिळवून वॉशिंग्टनला आले, तेव्हा त्यांना तिशीही लागली नव्हती. ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी खात्यात छायाचित्र विभाग सांभाळणाऱ्या रॉय स्ट्रायकर यांनी पहिलं काम सांगितलं ते असं: कॅमेरा इथेच ठेवा आणि शहरात एक फेरी मारून या. दुकान, खाणावळ, सिनेमागृह. काळ्या माणसाला कुठेच दाद लागली नाही. पार्क्स संतापून परतले. मग स्ट्रायकरनीच सुचवलं, याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याशी बोला.

त्या एला वॉटसन. पार्क्सनी आधी त्यांची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि मग त्यांना झेंड्यासमोर उभं केलं.

आता फोटो सावकाश बघा. बाई मधोमध. हातात लांब दांड्याचा झाडू, त्याचं तोंड वर; दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप. मागचा अमेरिकेचा झेंडा उभा टांगलेला, त्यामुळे त्याचे पट्टेही उभे. सगळ्या रेषा वरून खाली येतात आणि आपली नजर फिरून फिरून चेहऱ्यावरच थांबते. झेंडा किंचित धूसर आहे, ठिपक्यांचा झगा मात्र स्वच्छ दिसतो. कोणाला महत्त्व द्यायचं, हे इथे फोकसनेच ठरवलंय. बाई हसत नाहीत, गाऱ्हाणंही मांडत नाहीत.

ग्रँट वुड यांच्या १९३०च्या ‘अमेरिकन गॉथिक’ चित्रात शेतकऱ्याच्या हाती दाताळं आहे. त्या चित्राचंच नाव या फोटोला मिळालं.

हा फोटो मांडून काढलेला आहे, म्हणून काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पार्क्स तिथेच थांबले नाहीत. पुढचे काही आठवडे ते वॉटसनबाईंच्या घरी गेले, चर्चमध्ये गेले, नातवंडांसोबत त्यांना टिपलं. झेंड्यासमोर प्रतीक वाटणारी बाई त्या फोटोंत कुणाची तरी आजी होते.

हीच रीत त्यांनी १९४८मध्ये हार्लेममधल्या रेड जॅक्सन या तरुण टोळीप्रमुखाबाबत वापरली: आधी सहवास, मग फोटो. ते काम ‘लाइफ’मध्ये छापून आलं आणि त्या मासिकाच्या नोकरीतले पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार पार्क्सच ठरले.

वॉटसनबाईंचे फोटो अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. झेंड्याचा एकच बघून थांबू नका, घरातलेही बघा.