शिराझ : वाइनचे द्राक्ष, बाजाराचे नव्हे

म्हैसूरच्या देवराज मार्केटात जाड सालीची, बियांची जांभळी-काळी द्राक्षे दिसली, तर ती बहुधा 'बेंगलोर ब्लू' जातीची असतात. ती खायला चालतात, रसाला चालतात आणि वाइनलाही. २०१३ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. याच कर्नाटकात नंदी हिल्सच्या परिसरात आणि आपल्याकडे नाशिक भागात आणखी एक काळे द्राक्ष पिकते. त्याचे नाव शिराझ. फळवाल्याच्या टोपलीत मात्र ते सहसा दिसत नाही. असे का?

नाव इराणी, कूळ फ्रेंच

इराणमध्ये शिराझ नावाचे शहर आहे. त्यामुळे हे द्राक्ष तिथूनच आले, असा समज होता. १९९८ साली डीएनए तपासणीत खरे आईबाप सापडले. 'द्यूरेझा' आणि 'मोंदूझ ब्लांश' या फ्रान्सच्या दोन जातींचे ते अपत्य निघाले. फ्रान्समध्ये त्याला 'सिरा' म्हणतात.

रंग सालीत, वास मिऱ्यांचा

शिराझचा मणी लहान, निळसर काळा. तो पिळला तर रस जवळजवळ रंगहीन निघतो, कारण सारा रंग सालीत असतो. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळेच ही वाइन गडद आणि तुरट होते. तिला अनेकदा मिऱ्यांचा वास येतो. ज्या द्रव्यामुळे तो येतो, तेच द्रव्य म्हैसूरशेजारच्या कोडगूत पिकणाऱ्या काळ्या मिऱ्यांतही असते.

दोन छाटण्या, एक पीक

युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जातो. आपल्याकडे तशी थंडी नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतात. पहिलीने काडी तयार होते, दुसरीने घड येतात. केवडा आणि भुरी यांच्यावर मात्र सतत डोळा ठेवावा लागतो.

लावण्याआधी विचारा

खरी जोखीम पुढेच आहे. बेंगलोर ब्लूला वाइनवाल्याने नकार दिला, तरी बाजार असतो. शिराझला तो नाही. छोट्या, बियांच्या मण्यांना खाणारे गिऱ्हाईक मिळत नाही. २००८ नंतर वाइनची मागणी घटली, तेव्हा नाशिक भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षबागा उपटून टाकल्या. वेल चांगले होते, पण माल घेणारा नव्हता.

तेव्हा शिराझ लावायचे मनात असेल, तर रोपाआधी कागद हाती घ्या. किती माल घेणार, कोणत्या भावाने, किती गोडीला आणि किती वर्षे, हे वाइनरीकडून लेखी ठरवून घ्या. वेल वर्षानुवर्षे उभा राहतो. करारही तेवढा टिकणारा हवा.