घरासाठी वायरवाली ड्रिल मशीन घेताय? आधी भिंत पाहा

बोरगाव (सौंसर) : पडद्याचा रॉड, पाण्याचे फिल्टर, भिंतीवरची फळी. घरातल्या अशा कामांसाठी स्वतःची ड्रिल मशीन घ्यायचे अनेकांच्या मनात असते. बोरगावचा ग्राहक सौंसरच्या दुकानात गेला काय किंवा नागपूरच्या इतवारीत, दुकानदार आधी विचारतो, "किती वॅटची देऊ?" खरे तर पहिला प्रश्न वेगळा हवा : भोक कशात पाडायचे आहे?

लाकूड आणि पत्र्याला साधी फिरणारी मशीन पुरते. प्लॅस्टर केलेल्या विटांच्या भिंतीला मात्र इम्पॅक्ट ड्रिल लागते, म्हणजे फिरता फिरता ठोकणारी. कॉलम, बीम किंवा स्लॅबच्या काँक्रीटमध्ये तीही दमते. तिथे रोटरी हॅमरच पाहिजे, कारण त्यात हवेच्या दाबाने चालणारा पिस्टन जोरदार ठोका देतो. बॉशच्या मशीनवर हा फरक नावातच असतो : जीबीएम म्हणजे साधी, जीएसबी म्हणजे इम्पॅक्ट, जीबीएच म्हणजे हॅमर. स्लॅबमध्ये वर्षातून दोन भोके पाडायला हॅमर विकत घेण्यात अर्थ नाही. तेवढ्यापुरते इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

म्हणून बहुतेक घरांना 500 ते 600 वॅटची, 13 मिलिमीटर चकची इम्पॅक्ट ड्रिल बस झाली. ट्रिगर दाबू तसा वेग कमी-जास्त व्हावा आणि मशीन उलटीही फिरावी, एवढे दुकानातच चालवून पाहा. बिट लावून फिरवल्यावर टोक लडबडत असेल तर दुसरी मागा. टाईलवर ठोका बंद ठेवून हळू वेगाने सुरुवात करायची, नाहीतर टाईल तडकलीच समजा. मातीच्या जुन्या भिंतीतही ठोका नको, भोक पसरते आणि प्लास्टिकची गिट्टी धरत नाही.

बॅटरीची मशीन हलकी असते, पण कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिली तर ऐनवेळी चार्ज नसतो. क्वचित वापरणाऱ्या घराला वायरवालीच बरी.

अडचण येते व्होल्टेजची. दाब कमी असला की मोटर मंदावते, माणूस मशीन आणखी जोराने रेटतो आणि ती तापते. जळका वास आला की लगेच थांबा. लांब एक्स्टेंशन बोर्डाची वायर बारीक असली तरी हेच होते, म्हणून जाड वायरचा, पूर्ण उलगडलेला बोर्ड वापरा.

मशीनला दोनच पिन पाहून काही जण "अर्थिंगच नाही" म्हणून घाबरतात. चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे, तिला अर्थिंग लागत नाही. खरा धोका भिंतीतल्या वायरचा असतो. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो आधी बसवून घ्या. चष्मा लावा. सैल दुपट्टा, लांब बाही किंवा हातमोजे घालून मशीन चालवू नये, ते फिरत्या बिटात अडकतात.

जीएसटी मध्यप्रदेशात आणि महाराष्ट्रात सारखाच, 18 टक्के. तेव्हा करासाठी सीमा ओलांडून फायदा नाही. पण बिल पक्के घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारून घ्या, आणि त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे तेही विचारा. कार्बन ब्रश झिजला की तिथेच जावे लागणार.