मेंदूतले एस. टी. स्टँड

नेहमी आपण बियाणे, खते आणि किडीविषयी बोलतो. आज हा सारा कारभार चालवणाऱ्या डोक्याविषयी बोलू.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येकीची प्रत्येकीशी थेट तार जोडायची म्हटली, तर कवटीत जागा पुरणार नाही. मग निसर्गाने काय केले? आपल्या एस. टी.ने केले तेच! या वाडीहून त्या वाडीला थेट गाडी नसते. तालुक्याच्या स्टँडवर उतरून दुसरी गाडी धरावी लागते. तालुक्या-तालुक्यांत मात्र थेट गाड्या धावतात.

सन २०११ मध्ये मार्टेन व्हॅन डेन ह्यूवेल आणि ओलाफ स्पॉर्न्स या शास्त्रज्ञांनी २१ माणसांचे मेंदू एम. आर. आय. यंत्राने तपासले. त्यांना असे १२ मोठे स्टँड आढळले. डावीकडे सहा, उजवीकडे सहा. आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस आणि इंद्रियांची खबर पुढे धाडणारा थॅलॅमस हे त्यांतलेच. हे बाराही भाग आपसांत घट्ट जोडलेले असतात. संगणकावर त्यांचे आपसांतले जोड तोडून पाहिले, तेव्हा इतर जोड तोडण्यापेक्षा सबंध जाळ्याचे नुकसान जास्त झाले.

आता हे तुम्हाला का सांगतो? माझ्या थोरल्या बंधूंच्या अंगावरून ऐन पेरणीत वारे गेले. आम्ही दिवसभर तेल चोळत बसलो. दवाखाना गाठला तेव्हा वेळ टळून गेली होती. त्यांची वाचा परत आली नाही. मी शिकला-सवरलेला, पण चूक माझीच.

वारे गेले म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. पाणी तुटलेल्या वाफ्यासारखा तेवढा भाग सुकू लागतो. त्यात स्टँडच सापडला, तर दूरदूरची कामेही विस्कळीत होतात.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर थांबू नका. तोंडात पाणी-औषध घालू नका. १०८ ला फोन लावून मोठा दवाखाना गाठा. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लवकर दिले तितके बरे. एरवी रक्तदाब तपासत राहा, तंबाखू सोडा.

पेरणीचा वाफसा जसा साधतो, तशी ही वेळही साधा.