सेंतेमिल्यों : वेल तिथली, मूळ परके

श्रोतेहो, नाशिक-सांगलीकडच्या बागाइतदाराला द्राक्षवेलीची ओळख करून द्यायला नको. पण त्याच्या वेलीच्या मुळाची कहाणी समजून घ्यायची, तर फ्रान्समधल्या सेंतेमिल्यों या गावी जायला हवे. चला तर!

बोर्दो शहराच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर, चुनखडीच्या टेकडीवर हे गाव वसले आहे. घरे त्याच पिवळसर दगडाची, गल्ल्या चढाच्या. वेशीबाहेर पाऊल टाकले की बागाच बागा! गावात बाराव्या शतकातले एक चर्च आहे. तेही बांधलेले नव्हे. आपल्या लेण्यांसारखे कातळात कोरलेले. १९९९ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला.

रोमन काळापासून इथे द्राक्षे पिकतात. ११९९ साली इंग्लंडच्या जॉन राजाने गावाला कारभाराची सनद दिली. गावचे पंच मद्याची पारख करीत आणि मगच पिंपावर गावाची मोहोर उठे. ही जुनी पंचसभा १९४८ साली पुन्हा उभी राहिली. आजही दर सप्टेंबरात तांबडे झगे घातलेली पंचमंडळी मनोऱ्यावरून तोडणीची दवंडी देतात.

पण एकदा हे सारे वैभव जाते की काय, अशी वेळ आली. १८६० नंतर फ्रान्सभर बागा वाळू लागल्या. कारण कुणाला उमगेना. १८६८ साली प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळत चाललेल्या वेलींची मुळे उकरली. त्यांवर दिसली मोहरीहूनही बारीक, पिवळी कीड! तिचे नाव फायलोक्झेरा. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर ती आली होती.

मग अमेरिकेतल्या वेली कशा जगतात? पिढ्यान्‌पिढ्या त्या किडीच्या सहवासात वाढल्याने त्यांची मुळे तिला दाद देत नाहीत. इथेच उपाय सापडला : खुंट अमेरिकन, वर कलम आपल्या वाणाचे. चव बिघडेल म्हणून पुष्कळांनी विरोध केला. पण फळ येते ते कलमाच्या जातीचे, खुंटाच्या नव्हे. आज तिथल्या जवळजवळ साऱ्या बागा अशाच उभ्या आहेत.

आपल्याकडेही डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचे कलम भरतात. कारण वेगळे : खारवट पाणी आणि दुष्काळ. पण तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच, बरे का!

शिक्षकमित्रांनी वर्गात हे जरूर सांगावे. संकट आले परक्या काडीतून, तारणही झाले परक्या मुळानेच. म्हणून बाहेरची काडी नाकारू नये. मात्र तपासल्याशिवाय ती शेतात लावूही नये.