घेवड्याची शेंग कोणासाठी?

मित्रहो, आज आपण श्रावण घेवड्याबद्दल, म्हणजे बाजारातल्या फरसबीबद्दल बोलू या. लागवडीचं सांगायला वेळ लागत नाही. बी जागेवरच, साधारण ३ सेंटिमीटर खोल पेरावं. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर मुळं दुखावतात. माती ओलसर हवी, चिखल नको, नाहीतर बी कुजतं. पाणी बुडाशी द्यावं, पानांवर नको. नत्राचं खत जास्त झालं की पाला माजतो, शेंगा कमी लागतात. बुटक्या जातीचा तोडा ५० ते ६० दिवसांत सुरू होतो.

आता खरा मुद्दा. कोवळ्या शेंगा दोन-तीन दिवसांनी तोडत राहिलं, तर झाड फुलत राहतं. शेंगा जून होऊ दिल्या, की फुलणं मंदावतं. असं का? अ‍ॅरिस्टॉटलच्या पद्धतीनं विचारू या: या झाडाचं प्रयोजन काय? आपण म्हणतो, भाजी. पण झाडाचं सगळं चाललेलं असतं ते बियांसाठी. बी तयार झालं की त्याचं काम संपलं. म्हणजे त्याचं काम आपण अपुरं ठेवतो, म्हणून आपल्याला भाजी मिळते.

मग भाजी सोडायची का? तसं नाही. हंगाम सरत आला की दोन निरोगी झाडांच्या शेंगा तोडू नयेत, वेलीवरच वाळू द्याव्यात. घेवड्याचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलातच होतं. त्यामुळे संकरित नसलेल्या वाणाचं बी पुढच्या वर्षी सहसा तसंच उगवतं. आपल्या प्रयोजनासोबत झाडाच्या प्रयोजनालाही जागा ठेवायची, ती अशी.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.