जुलाबाचे पान आधी उघडा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास दवाखाना बंद करीत होतो, तेवढ्यात एक जोडपे दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आले. मुलाचे डोळे खोल गेलेले, तोंड कोरडे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी लवकर खाली बसेना. सकाळपासून जुलाब. "पाणी किती पाजलंत?" असे विचारताच आई म्हणाली, "काहीच नाही, डॉक्टरसाहेब. जुलाब थांबेपर्यंत पोटाला विश्रांती द्यावी, पाणीसुद्धा देऊ नये, असं पुस्तकात लिहिलंय."

मुलाला लगेच सलाईन लावले आणि सुदैवाने दुसऱ्या दिवशी ते हसू-खेळू लागले. मी ते पुस्तक मागवून घेतले. त्यावर आमच्या गावच्या वाचनालयाचा शिक्का होता आणि आतल्या पानावर देणगीदार म्हणून चक्क माझे नाव! काही वर्षांपूर्वी कपाट आवरताना वडिलांच्या वेळच्या पुस्तकांचा एक गठ्ठा मीच, न उघडता, वाचनालयाला देऊन टाकला होता. ती बाई शिकलेली होती, तिने पुस्तकावर विश्वास ठेवला. तिला दोष कसा देणार?

तेव्हापासून वाचनालयाच्या ग्रंथनिवडीच्या बैठकीला मी न चुकता जातो. आरोग्याची पुस्तके हा प्रकार कथा-कादंबऱ्यांसारखा नाही. चाळीस वर्षांपूर्वीची कादंबरी आजही गोडीने वाचता येते. चाळीस वर्षांपूर्वीचे औषधोपचाराचे पुस्तक मात्र घरात कालबाह्य गोळ्या ठेवण्यासारखेच आहे. म्हणून मुखपृष्ठ किंवा प्रस्तावना पाहण्याआधी मी तीन-चार ठरावीक पाने उघडतो.

पहिले पान जुलाबाचे. मुलाला उपाशी ठेवा असे लिहिले असेल तर पुस्तक तिथेच मिटावे. जुलाबात शरीरातून पाणी आणि क्षार जातात, ते भरून काढणे हाच उपचार. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे), हे प्रमाण पुस्तकात स्पष्ट दिलेले हवे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवा, हेही हवे. ओआरएसच्या पाकिटातील क्षारांचे व साखरेचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये कमी केले आणि २००४ पासून जोडीला १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०. पुस्तकात झिंकचा उल्लेखच नसेल तर ते जुन्या ज्ञानावर बेतलेले आहे असे समजावे, मग छपाईचे साल कोणतेही असो. नुसते पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे.

दुसरे पान सर्पदंशाचे. दोरी करकचून बांधा, ब्लेडने चिरा, तोंडाने विष ओढा, असे सल्ले अजूनही छापलेले सापडतात. दोरीने हात-पाय गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत. रुग्णाला चालू न देता, चावलेला भाग न हलवता इस्पितळात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस तिथे असते. आपल्या तालुक्यात रात्री शेतात पाणी द्यायला जाणारे किती आहेत हे सांगायला नको.

तिसरे पान तान्ह्या बाळाचे. सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ पासून आहे. जुन्या पुस्तकांत चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न आणि जन्मताच मध चाटवणे आढळते. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. भाजण्याच्या पानावर टूथपेस्ट किंवा शाई दिसली, तर पुढे वाचण्याचे कारण नाही. भाजल्यावर हवे साधे वाहते पाणी, वीस मिनिटे.

मासिकांचे परीक्षण मी उलट बाजूने करतो, म्हणजे जाहिरातींपासून. उंची वाढवणारे चूर्ण, मधुमेह मुळापासून घालवणारा काढा असल्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने मनाई आहे आणि २००३ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली. ज्या मासिकाला कायद्याची चाड नाही, ते लेखाच्या बाबतीत काळजी घेईल यावर माझा भरवसा नाही. एका बैठकीत असे एक मासिक मी नामंजूर केले, तेव्हा "पण ते सगळ्यांत जास्त वाचलं जातं हो!" असे उत्तर मिळाले. म्हणूनच तर नामंजूर केले.

मुलांसाठी निवड करताना समितीतील मंडळी उपदेशाच्या पुस्तकांकडे झुकतात. दात घासा, नखे कापा. मुले ती हातात धरत नाहीत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. गोष्टी, कोडी, चित्रे यांच्या ओघात त्यातून शरीराची आणि निसर्गाची ओळखही होते. लहान मुलांना ठळक टाइप आणि मोठी चित्रे हवीत, म्हणजे पुस्तक नाकाला लावून वाचावे लागत नाही. मात्र दिवसभर पुस्तकातच डोके घालणाऱ्या मुलाला रोज उघड्यावर खेळायलाही पाठवा. लांबचा चष्मा लागण्याचे प्रमाण त्याने कमी होते, असे आता दिसून आले आहे.

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पुस्तकांचा प्रश्न नाजूक. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. एवढे होऊनही आमच्या वाचनालयात मासिक पाळीवरचे चांगले पुस्तक कुलुपात होते. "मागेल त्याला देतो," असे सांगण्यात आले. पण सातवीतली मुलगी ते काउंटरवर मागणार कशी? बऱ्याच वादानंतर ते उघड्या फळीवर आले. सहा महिन्यांनी पाहिले तर नोंदवहीत एकदाही ते बाहेर गेल्याची नोंद नव्हती, पण पानांचे कोपरे मऊ पडले होते आणि बांधणी सैल झाली होती. मुली तिथेच उभ्याने वाचून जागेवर ठेवीत होत्या.

वडीलधाऱ्यांसाठी आम्ही एक साधी युक्ती करतो. समितीतील ज्येष्ठ सभासदाने चाळिशी काढून एक पान वाचून पाहायचे. अक्षर अजिबातच लागले नाही, तर दुसरे प्रकाशन शोधायचे.

आणि ते माझे पुस्तक? वाचनालयाने ते बाद केले. ग्रंथपाल म्हणाले, "रद्दीत घालू का?" रद्दीतून ते पुन्हा कुणाच्या तरी घरी गेले असते. म्हणून जुलाबाची, सापाची आणि तान्ह्या बाळाची पाने मी स्वतः फाडून घेतली आणि उरलेले पुस्तक भडंगवाल्याला पुड्या बांधायला देऊन टाकले.