वैद्यकीय इच्छापत्र : शेवटच्या आजारपणाची आपली इच्छा लिहून ठेवूया

घर, शेत, दागिने कोणाला द्यायचे याचे मृत्युपत्र आपल्यातील बरेच ज्येष्ठ करून ठेवतात. पण शेवटच्या आजारपणात शुद्ध हरपली तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे लिहून ठेवणे राहून जाते.

पादऱ्यातल्या आपल्या अनेक घरांत आई-वडील इथे आणि मुले पुण्यात किंवा परदेशात असतात. रात्री पेशंटला बडोद्याला हलवले की व्हेंटिलेटर लावायचा का, हे मुलांना फोनवर ठरवावे लागते. भावंडांची मते जुळत नाहीत आणि जो ‘नको’ म्हणतो त्याच्या मनाला कायमची टोचणी लागते. वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’, मुलांचे हे ओझे हलके करते.

कायदा इथवर कसा आला?

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्यांची जाणीव कायमची हरपली. त्यांच्यासाठी लेखिका पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. मात्र अशा रुग्णांचे जीव लांबवणारे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असेही सांगितले. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची मायेने सेवा केली. त्यांना स्वतःला काय हवे होते, हे मात्र कोणालाच विचारता आले नाही.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि इच्छापत्राला मान्यता दिली. सुरुवातीची किचकट पद्धत जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली.

यात काय येते, काय येत नाही?

बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर, डायलिसिस, बंद पडलेले हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न नकोत, असे यात लिहिता येते. इंजेक्शन देऊन मरण आणणे यात बसत नाही. तो आजही गुन्हा आहे. वेदना कमी करणारी औषधे आणि शुश्रूषा थांबत नाही.

बडोद्यात शिकलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला. ते स्वतः ‘नको’ म्हणू शकले. ज्यांना त्या वेळी बोलताच येणार नाही, त्यांच्यासाठी हा कागद आहे.

कसे करायचे?

१. वय १८ पूर्ण आणि मन शाबूत असलेल्या कोणालाही, कोणाच्या दबावाशिवाय, ते करता येते.

२. आपल्या वतीने संमती देणाऱ्या एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे लिहावीत. त्यांना आधी विचारावे.

३. दोन साक्षीदारांसमोर सही करावी. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत.

४. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यावे.

५. एक प्रत नेमलेल्या व्यक्तींना, एक फॅमिली डॉक्टरांना आणि एक नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संबंधित अधिकाऱ्याकडे द्यावी.

६. मन बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता किंवा बदलता येते.

आमची एक सूचना : मजकूर मराठीत लिहिला तर गुजराती किंवा इंग्रजी प्रतही करावी. आणीबाणीत डॉक्टरांना तो लगेच वाचता आला पाहिजे.

डॉक्टर लगेच उपचार थांबवतात का?

नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे मंडळ आधी मत देते. मग दुसरे मंडळ तपासते. त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. नेमलेल्या व्यक्तींची संमती घेतली जाते आणि उपचार थांबवण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. त्यामुळे घाईने किंवा कोणाच्या स्वार्थाने काही होईल, ही भीती बाळगू नये.

इच्छापत्र नसले तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच मार्गाने जाता येते. पण मग निर्णयाचा सगळा भार त्यांच्यावरच पडतो.

गणपतीला किंवा दिवाळीला मुले घरी आली की हा विषय काढावा. ‘अभद्र बोलू नका’ असे कोणी म्हणेल. तरी शांतपणे बोलावे. कागद नंतर होईल, पण आपल्याला काय हवे ते मुलांनी आपल्याच तोंडून ऐकलेले असावे.